लिफ्ट आली की शी येते: शाळेची व्हॅन रोज चुकत असेल तर

आमचं घर ठाण्यात मानपाड्याला, अकराव्या मजल्यावर. ताई दुसरीत, बारक्या ज्युनिअर केजीत, दोघांची शाळा एकच आणि ती नौपाड्याच्या बाजूला. शाळा नऊची. (चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने 2024 मध्ये सांगितलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती.) पण घोडबंदर रोडवर नऊची शाळा म्हणजे सव्वाआठची व्हॅन. व्हॅनकाका गेटवर दोन मिनिटं थांबतात, तिसरं नाही. त्यांचंही बरोबर आहे, पुढे ढोकाळीला आणखी पाच मुलं उभी असतात.

आठ वाजून सात मिनिटांनी आमच्याकडे सगळं जमून आलेलं असतं. दोन दप्तरं, दोन डबे, दोन बाटल्या, ताईच्या दोन वेण्या, बारक्याचा पट्टा आणि गळ्यात ओळखपत्र. लिफ्टचं बटण कोणी दाबायचं यावरचं भांडण झालेलं असतं. दार उघडतं, आत चौदाव्या मजल्यावरचे काका टाय लावून उभे. आणि बारक्या माझा हात सोडून, जराही घाई न करता, म्हणतो, "आई, शी."

मग परत कुलूप, परत बूट, पट्टा, हूक, चेन. आतून "झाली नाही अजून" असा आवाज. खाली व्हॅनचा हॉर्न दोनदा वाजतो आणि बंद होतो. पुढे रिक्षा. सकाळी त्या वेळेला नौपाड्याला यायला तयार होणारा रिक्षावाला सापडणं म्हणजे लॉटरी. मीटर शंभराच्या वर, आणि कापूरबावडी, माजिवडा, कॅडबरी, नितीन असे नाके करत करत बारक्या मेट्रोचे खांब मोजणार आणि विचारणार, "मेट्रोत टॉयलेट असतं का?"

जून ते सप्टेंबर हे चौदा वेळा झालं. पंधराव्या वेळी मी ठरवलं की आता वॉशिंग मशीन बिघडलं तर आपण जसं बघतो तसंच बघायचं: आवाज कुठून येतो, कधी येतो, आधी काय झालेलं असतं.

आधी कोड ओळखायला शिका

मशीनच्या पडद्यावर जसे ई-वन, ई-टू येतात तसं मुलांचंही असतं, फक्त आपण लक्ष देत नाही. आमच्याकडे सगळी माहिती क्रियापदाच्या काळात दडलेली आहे. "शी येईल" म्हणजे काहीही येणार नाहीये, भाजी संपवायची नाहीये. "शी येतेय" म्हणजे चार-पाच मिनिटं हातात आहेत. "शी आली" म्हणजे बूट काढत बसू नका, उचला. "शी आली होती" हा भूतकाळ मात्र नीट तपासावा लागतो, कारण आली होती आणि परत गेली, की आली होती आणि आहे, हे वाक्यावरून कळत नाही. आणि कोणी विचारलेलं नसताना सोफ्याच्या मागून "मला नाही आलीये" असं ऐकू आलं तर हातातलं सगळं टाकून धावा.

लिफ्टपाशी आमच्याकडे दर वेळी "आली" असायची. "येतेय" कधीच नाही. म्हणजे आधीचा इशारा कुठेतरी हरवत होता, हा पहिला धागा.

जे करून पाहिलं आणि फसलं

नवऱ्याचं पहिलं निदान: उशीर होतो म्हणून होतं. "16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला आली, तेव्हापासून या गावात वेळेला महत्त्व आहे," असं भाषण देऊन त्याने दोघांना अर्धा तास आधी उठवायला सुरुवात केली. झालं एवढंच की बारक्या अर्धा तास जास्त खेळला, ताई अर्धा तास जास्त चिडली, आणि शी लिफ्टपाशीच आली.

सासूबाईंचं निदान: दूध कमी पडतं. दूध वाढवलं. त्याबद्दल पुढे सांगते, कारण तिथेच खरी गंमत आहे.

माझं निदान: नाटक. शाळेत जायचं नसतं म्हणून करतो. हे मी आठ दिवस मानलं आणि त्या आठ दिवसांत एकदा लिफ्टमध्ये बसवून तशीच खाली घेऊन गेले. त्याने धरून ठेवलं. शाळेतही धरून ठेवलं, कारण तिथल्या टॉयलेटची त्याला भीती वाटते. संध्याकाळी घरीही झाली नाही. दुसऱ्या दिवशी कडक झाली, दुखली, तो रडला, आणि त्यानंतर दोन दिवस तो टॉयलेटचं दारच ओलांडेना. हे दुष्टचक्र फार लवकर बसतं: धरलं की खडा होतो, खडा झाला की दुखतं, दुखलं की पुन्हा धरतात. तेव्हा बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण "आता नाही, शाळेत जाऊन कर" हे वाक्य बंद करा. माझी चूक होती.

मग स्टिकर. सकाळी वेळेत शी केली तर एक चकचकीत डायनासोर. पहिल्या दिवशी मिळाला. दुसऱ्या दिवशी बारक्याने नुसतं बसण्याचा अर्धा डायनासोर मागितला. तिसऱ्या दिवशी ताईने समोर वही ठेवली. ती अडीच वर्षांची असल्यापासून रोज शी करते आहे आणि आजवर तिला एकही स्टिकर मिळालेला नाही, असा हिशोब होता. मागची थकबाकी द्या किंवा योजना बंद करा. पाचव्या वेतन आयोगातल्या आजोबांची नात आहे. योजना बंद केली.

नोंदी ठेवल्या तेव्हा कळलं

शेवटी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहायला लागले. उठला किती वाजता, दूध किती वाजता, शी किती वाजता. तीन आकडे, रोज. ताईला हे काम फार आवडलं आणि तिने शीच्या दिवशी चौकोनात तपकिरी स्केचपेनने गोल काढायला सुरुवात केली. दोनदा झाली तर दोन गोल.

दहाव्या दिवशी आमच्या मावशी भांडी टाकून कॅलेंडरसमोर उभ्या. "वहिनी, सतरा तारखेला मी आलेले. एकोणीसलापण आलेले. आणि बावीसला दोन खाडे कसे होतील एका दिवसात?" त्या चौकोनात आजवर त्यांचे खाडेच लिहिले जात होते, त्यांचं काय चुकलं. खरं काय ते सांगितल्यावर त्या ओट्याला टेकून हसल्या, आणि तेव्हापासून आल्या आल्या आधी कॅलेंडर बघतात. "आज नाय झाली का बाबूला?"

पण कॅलेंडरने काम केलं. दोन आठवड्यांचे आकडे एकाखाली एक वाचले तर उठण्याच्या वेळेशी शीचा काही संबंधच नव्हता. साडेसहाला उठलेला दिवस असो की साडेसातला, फरक नाही. पण दूध आणि शी यांच्यातलं अंतर बघितलं तर जवळजवळ रोज सारखं: वीस ते पंचवीस मिनिटं. रविवारीसुद्धा. रविवारी तो नऊला दूध पितो आणि नऊ-वीसला निवांत जाऊन येतो. लिफ्ट नसते म्हणून कोणाच्या ते लक्षात येत नाही.

आणि शाळेच्या दिवशी दूध कधी? पावणेआठला. का, तर डबे भरून झाल्यावर माझा हात मोकळा होतो तेव्हा. पावणेआठ अधिक बावीस मिनिटं: आठ वाजून सात. लिफ्ट.

म्हणजे पोर घड्याळासारखं चाललं होतं. चुकीच्या वेळेला चावी मी देत होते.

असं का होतं

पोटात काही गेलं, जठर ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो: मागून येतंय, पुढचं हलवा. ठाणे स्टेशनात फलाटावरची गाडी सुटल्याशिवाय मागची आत घेत नाहीत, तसंच. डॉक्टर याला गॅस्ट्रोकॉलिक रिफ्लेक्स म्हणतात. सकाळी तो जास्त जोरात असतो आणि लहान मुलांमध्ये तर फारच. पहिला चहा घेतल्याबरोबर आपल्या घरातली कर्ती माणसं पेपर घेऊन कुठे गायब होतात ते आठवा. यंत्र तेच आहे.

मग "येतेय" हा इशारा का मिळत नव्हता? कारण त्या वीस मिनिटांत आम्ही त्याला कपडे चढवत होतो, ताईच्या वेण्या घालत होतो, मोज्याची जोडी शोधत होतो आणि टीव्हीवर काहीतरी चालू होतं. चार वर्षांच्या मुलाला पोटातला तो बारीक निरोप ऐकू यायला थोडी शांतता लागते. घरातल्या धावपळीत त्याला पहिली शांत जागा कोणती मिळायची? लिफ्टची वाट बघत उभं राहण्याची.

हे सुचल्यावर मी दोन मिनिटं खुर्चीवर बसून राहिले होते.

दुरुस्ती

दूध पुढे ओढलं, बस. उठल्यावर तोंड धुऊन लगेच, सव्वासातला. तेही मोठा ग्लास नाही, अर्धा कप कोमट, आणि सोबत केळं नाहीतर तूप लावलेली अर्धी पोळी. नुसत्या दुधापेक्षा सोबत काही चावून खाल्लं तर काम चांगलं होतं असा आमचा अनुभव. तोवर मी डबे करते, ताई दात घासते.

सात-पस्तीसला बारक्याला बसवायचं. आली असो वा नसो. जास्तीत जास्त दहा मिनिटं, मोबाईल नाही. पहिल्या आठवड्यात मी बाहेर पाटावर बसून भेंडी चिरायचे आणि आमच्या गप्पा चालायच्या. झाली तर छान, नाही झाली तर "बरं, उद्या" म्हणून उठवायचं. जोर करायला लावू नका आणि चेहरा पाडू नका, त्यांना लगेच कळतं.

बसण्याची पद्धत हा दुसरा मोठा भाग, आणि इथे आपल्या जुन्या भारतीय संडासाचं कौतुक करावंसं वाटतं. कमोडवर मुलाचे पाय लोंबकळत असतात. मोठ्या माणसाच्या मापाचं भोक, त्यात पडू नये म्हणून दोन्ही हातांनी काठ धरलेला, पाय हवेत: असं बसून तुम्हाला तरी होईल का? गुदाशयाभोवती पट्ट्यासारखा एक स्नायू अडकलेला असतो, उभं असताना तो नळीला मोड देऊन वाट बंद ठेवतो. उकिडवं बसलं की तो मोड बराच सरळ होतो. म्हणून पायाखाली आधार हवा, आणि गुडघे कमरेपेक्षा थोडे वर यायला हवेत. आम्ही आधी देवघरातला जुना पाट ठेवला, तो ओल्या फरशीवर सरकला आणि सासूबाईंनी वेगळ्या कारणासाठी आक्षेप घेतला. मग बादली उलटी ठेवली, ती जास्त उंच. शेवटी जांभळी नाक्यावरून प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल आणलं, खाली रबर असलेलं, आणि कमोडवर बसवायची छोटी रिंग. सगळ्या उपायांत हे एकच पैसे खर्चून केलेलं, आणि आधी का केलं नाही असं वाटायला लावणारं.

पँट सगळ्यात शेवटी. शर्ट, मोजे, केस सगळं आधी होऊ दे, पोरगं चड्डीवर फिरू दे. टॉयलेटहून आल्यावरच पँट. शिवाय शाळेच्या पँटचा हूक काढून शिंप्याकडून मागे इलॅस्टिक लावून घेतलं, पुढून दिसत नाही. आता तो स्वतः खाली करू शकतो, त्यामुळे शाळेतही वेळ आली तर बाईंना हाक मारत उभं राहावं लागत नाही.

आता नवऱ्याबद्दल. आमच्याकडे टॉयलेट एकच. वरचं वेळापत्रक पहिल्या दिवशी सात-पस्तीसला बंद दारावर आपटलं, कारण आत बाबा मोबाईल घेऊन बसलेला. बाहेर बारक्या "आली", त्याच्या मागे ताई "मला पण", आणि आतून "पाच मिनिटं". ती पाच मिनिटं कशी असतात ते विवाहित वाचकांना सांगायला नको. शेवटी ताईनेच दारावर कागद चिकटवला: "बारक्या 7:35, ताई 7:45, बाबा व्हॅन गेल्यावर." खाली लाल पेनने: "मोबाइल बाहेर ठेवने." 'ण'चा 'न' झाला असेल, पण त्या कागदाला सोसायटीच्या नोटिशीपेक्षा जास्त मान मिळतो.

आणि दुधाचं प्रमाण. सासूबाईंच्या हिशोबाने दूध म्हणजे ताकद, त्यामुळे सकाळी एक ग्लास, दुपारी आल्यावर एक, झोपताना एक, शिवाय मधेच "थोडंसं". लसीकरणाच्या वेळी मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बेरीज लिटरच्या जवळ निघाली. त्यांनी ती दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत आणायला सांगितली. दुधाने पोट भरलं की मूल भाजी-पोळी खात नाही, चोथा पोटात जात नाही आणि बरीच मुलं अशीच कडक होतात. आता दुपारच्या दुधाच्या जागी पपई, चिकू, नाहीतर भिजवलेल्या मनुका असतात आणि पाण्याची बाटली रिकामी आली का ते बघितलं जातं. सासूबाई अजून "पोर वाळलं" म्हणतात. त्याचं वजन तेवढंच आहे.

हे बसायला आम्हाला तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात दोनदा व्हॅन चुकली, दुसऱ्यात एकदा. नंतर ऑक्टोबर संपेपर्यंत एकदाही नाही, आणि नोव्हेंबरात जी एकदा चुकली ती लिफ्ट बंद होती म्हणून.

तरीही अडलं तर

पाणी बंद असलं की आमचं वेळापत्रक कोसळतं. मुलाला बादलीने पाणी घेणं आवडत नाही, त्याला जेट लागतो, आणि शटडाऊनच्या दिवशी जेटमध्ये हवा. आदल्या संध्याकाळी मगाने सराव करून घ्या, गंमत म्हणून, अंघोळीच्या वेळी.

फ्लशची भीती असेल तर मूल बाहेर पडेपर्यंत फ्लश करू नका. बारक्याला वाटायचं की तोही जाईल. आता तो दारात उभा राहून "टाटा" करतो आणि मग मी बटण दाबते. चौदाव्या मजल्यावरच्या काकांनाही तो हल्ली तसाच टाटा करतो, पण ते आम्ही कोणाला समजावून सांगितलेलं नाही.

मोठ्या भावंडाला लगेच "मला पण" होत असेल तर ते खोटं समजू नका. तिला बहुतेक खरंच होत असतं, कारण दूध तिनेही त्याच वेळेला घेतलंय. दोघांच्या दुधात दहा मिनिटांचं अंतर ठेवा, टॉयलेट एकच असेल तर फार उपयोगी पडतं.

मात्र आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, दर वेळी रडारड होत असेल, रक्त दिसत असेल, पोट फुगत असेल किंवा चड्डीला सतत डाग लागत असतील, तर हे वेळापत्रकाचं काम नाही. डॉक्टरांकडे जा. डाग लागणं हा आळस नसतो, आत साठून राहिलेलं बाजूने पाझरत असतं, त्यावरून मुलाला ओरडू नका. एरंडेल किंवा मोठ्यांचं चूर्ण मनाने देऊ नका, घरात कितीही अनुभवी माणूस असला तरी.

आणि सुट्टी. गणपतीत चार दिवस गावी गेलो, दूध कधीही, मोदक कधीही, झोप कधीही. परत आल्यावर घडी बसायला चार दिवस गेले. दिवाळीत पाच. त्यामुळे आता सुट्टीनंतरच्या रविवारी रात्री मी व्हॅनकाकांना फोन करते आणि सांगते, "काका, उद्या येतोय की नाही ते आठ वाजता कळवते." ते म्हणतात, "चालेल वहिनी, त्याला म्हणावं आरामात कर." फोन स्पीकरवर असतो. बारक्या आतून ओरडतो, "काका, येईल!"